मुंगळ्याचा गुडघा

शुक्रवारी सकाळी केर्स्टिनचा मेल आला. मी तो उभ्याउभ्याच वाचला, चार वेळा.

"बांधणी चांगली आहे. पण हे यंत्र कधी कुणी वापरलंय असं वाटत नाही. आम्ही तीन वर्षं वाळवंटात लढलेलं यंत्र मागितलं होतं, तुम्ही शोरूममधलं पाठवलंत. अजून एकदा बघू. मंगळवार, तुमच्याकडच्या दुपारी चारपर्यंत."

केर्स्टिन म्हणजे लांबच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीतली बाई. तिला मी पाहिलेलं नाही, तिचा आवाजही ऐकलेला नाही. इंग्रजी मला जेमतेम येतं, तिचे मेल मी फोनवर भाषांतर करून वाचतो. पण माझं पुढचं सगळं तिच्या हातात होतं. तिनं परीक्षा म्हणून काम दिलं होतं: भविष्यातलं एक सहा पायांचं चिलखती युद्धयान. चाळीस टन, आत आठ सैनिक. पूर्ण कॉम्प्युटरवर बनवायचं, आणि नट-बोल्टापर्यंत खरं वाटलं पाहिजे. पास झालो तर वर्षभर काम, घरी बसून, इथून, आमच्या खाणींच्या गावातून, ओरुरोतून.

नापास झालो तर तेओदोरो मामाचा ट्रक. पापांशी तसं ठरलं होतं. "कार्निवल संपेपर्यंत काय ते कर," ते म्हणाले होते. "नंतरच्या शुक्रवारी मामा बंदराकडं निघेल. त्याला ट्रकवर माणूस हवाय. तू बसायचं."

मी हो म्हणालो होतो. तेव्हा कार्निवल लांब होता.

घरात त्या यंत्राला सगळे मुंगळा म्हणायचे. हे नाव माझ्या बहिणीनं, दानित्सानं ठेवलेलं. सहा पाय, जाड ढुंगण, म्हणून मुंगळा. मी त्यावर पाच आठवडे घालवले होते. मला हे कुणी शिकवलेलं नाही. पंधराव्या वर्षापासून व्हिडिओ बघून शिकलो, जुने पार्ट गोळा करून जोडलेल्या कॉम्प्युटरवर. आधी दोन वर्षं नुसत्या तलवारी बनवल्या. मग हेल्मेटं. आता हे.

तर शुक्रवार. मी गंज लावायला घेतला.

त्यासाठी तयार ब्रश मिळतात. एक गंजाचा, एक धुळीचा, एक ओरखड्यांचा. दाबलं की पसरतं. मी दाबत गेलो. संध्याकाळी लांब सरकून बघितलं तर मुंगळा अंगणात विसरलेल्या खेळण्यासारखा दिसत होता. सगळं पुसलं. पुन्हा लावलं. शनिवारी पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं.

बाहेर कार्निवलची शनिवारची मिरवणूक चालू होती. सकाळपासून बॅंडवाले फुंकत होते, ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला माझ्या खिडकीची काच थरथरायची. मी पाच मिनिटं बसायचो, उठायचो, गच्चीवर जायचो, परत यायचो. काही सुचत नसलं की माझे पाय माझं ऐकत नाहीत.

दानित्सा नाचाचे उंच बूट घालायला माझ्या खोलीत आली, कारण तिच्या खोलीत मावशीच्या सगळ्या पोरी भरल्या होत्या. एक बूट चढवत तिनं स्क्रीनकडं बघितलं.

"अजून मुंगळाच पाळतोयस?"

"जा ना तू."

"आत आठ माणसं बसतात म्हणालास ना? मग संडास कुठंय?"

"दानित्सा, जा."

"तीन वर्षं धरून बसलेत बिचारे," ती म्हणाली, आणि घुंगरं वाजवत जिना उतरली.

हसू नका. रात्री मला तेच आठवत राहिलं. तिला आतली माणसं दिसली होती. मला एवढ्या दिवसांत एकदाही दिसली नव्हती.

रविवारी सकाळी मी फोन घेऊन खाली वर्कशॉपमध्ये गेलो. पापांचं वर्कशॉप म्हणजे आमचं अंगणच. खाणीवरची मशीनं दुरुस्तीला येतात. तेव्हा एक जुनी पिवळी खोदाईची मशीन उभी होती, एक क्रेन, दोन कॉम्प्रेसर. मी मशीनच्या कोपराचे फोटो काढायला लागलो. अगदी जवळून.

"फोटो कसले काढतोयस? लग्न ठरलंय काय तिचं?"

पापा मागं उभे होते. हातात आपीचा, मक्याच्या गरम पेयाचा, कप, वाफ निघत होती. सुट्टीचा दिवस होता तरी अंगावर कामाचाच कोट.

"संदर्भाला," मी म्हणालो.

"कशाच्या?"

मी फोनवर मुंगळ्याचं चित्र उघडून त्यांच्यासमोर धरलं. खरं सांगायचं तर दाखवायची इच्छा नव्हती. पाच आठवडे त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. पण फोन हातातच होता.

त्यांनी कप कॉम्प्रेसरवर ठेवला, खिशातून चष्मा काढला. बराच वेळ बघितलं. दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"हा गुडघा?"

"हो."

"पिन कुठंय ती दिसतेय. ग्रीस कुठून घालणार?"

"म्हणजे?"

"अरे, चाळीस टन ना? गुडघ्यात पिन फिरणार. पिनला ग्रीस लागणार. ग्रीस घालायला निपल लागणार. कुठंय?"

"नाहीये."

"मग हा तीन वर्षं कोरडाच चालला काय?" त्यांनी चष्मा वर केला. "चालला नाही हा. पहिल्या दिवशीच बसला."

मला राग आला. पण ते बरोबर होतं. आणि त्यांना तिथं थांबवेना.

"वर चल," ते म्हणाले. "मोठ्यावर दाखव."

दोन वर्षांत पापा माझ्या खोलीत आले नव्हते. कोटाला ऑईल होतं म्हणून मी खुर्चीवर वर्तमानपत्र टाकलं, तरी ते बसले नाहीत. उभे राहून म्हणाले, "पाय दुमडून दाखव."

मी गुडघा दुमडला. होज पाइप ताणला गेला आणि सरळ लोखंडी पत्र्यातून आरपार निघाला. मी पाय कधी इतका दुमडूनच बघितला नव्हता. चित्रात तो उभाच राहणार होता ना.

"तुटला," पापा म्हणाले. "तेल उडालं. आठ पोरं मेली. पाइपला पोट ठेव. इथं असा लोंबू दे, म्हणजे दुमडल्यावर पुरेल. आणि इथं क्लॅम्प. नाहीतर घासून जाईल."

"घासल्याची खूण कुठं दिसेल?"

"इथं." त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. काळा ठसा उमटला. "आणि हे दार. हे उघडायला माणसाचा हात आत जातो का? कोपर कुठं जाईल त्याचं?"

असं तासभर चाललं. मी लिहून घेत होतो. मग त्यांनी यंत्र गोल फिरवायला सांगितलं, आणि फिरवता फिरवता म्हणाले, "थांब. परत डावीकडं. आता उजवीकडं." आणि स्क्रीनजवळ वाकले.

"काय?"

"दोन्हीकडं एकच ओरखडा आहे."

आता हे सांगायला लागेल. आम्ही लोक असं यंत्र पूर्ण बनवत नाही. अर्धंच बनवतो. मधोमध आरसा लावायचा, दुसरी बाजू आपोआप उमटते. वेळ अर्धा वाचतो. जगातले सगळे असंच करतात. मी पापांना तसं सांगितलं.

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळेच. मोठमोठे लोक."

"मग त्या मोठमोठ्या लोकांचे मेकॅनिक दोन्ही हातांनी पाना धरतात?" ते म्हणाले. "खाली ये."

पुन्हा खाली. त्यांनी मला पिवळ्या मशीनभोवती एक चक्कर मारायला लावली. डावीकडची पायरी घासून चांदीसारखी झाली होती, कारण ड्रायव्हर जन्मात कधी उजवीकडून चढला नव्हता. उजवीकडच्या पायरीवर रंग शाबूत, फक्त कडेला गंज. डावीकडच्या बोल्टांची डोकी गोल झालेली, उजवीकडची जवळपास नवी.

"असं का?" मी विचारलं.

"ही मशीन खाणीवर कायम पश्चिमेकडं तोंड करून उभी असायची. दुपारपर्यंत ऊन कुठून येतं? मागून, उजवीकडून; आपल्याकडं सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणून माणूस डावीकडं, सावलीत काम करतो. तुझ्या वाळवंटात सावली नाही का पडत?"

मंगळवारी चारला द्यायचं होतं आणि मला आरसा फोडायचा होता.

फोडला. सोमवारी सकाळी आरसा काढून टाकला आणि दोन्ही बाजू वेगळ्या करायला बसलो. सहा पाय, सहा वेगळे गुडघे. पापा दिवसभरात पाच वेळा वर आले. एकदा चार्जर शोधत, ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. एकदा आईनं जेवायला बोलावलंय म्हणून, आणि आई बाजारात होती. दुपारी दारातूनच म्हणाले, "चौथ्या पायाला एक बोल्ट दुसऱ्या मशीनचा लाव. तीन वर्षांत एक तरी हरवतोच. मेकॅनिक मिळेल तो ठोकतो." आणि निघून गेले.

मी लावला. थोडा मोठा, रंग वेगळा, खाली दोन वॉशर. केवढासा बोल्ट. पण पाय खरा झाला.

मंगळवार. कार्निवलच्या मंगळवारी आमच्याकडं घराला, गाडीला, मशीनला बिअर पाजतात. आम्ही च्याल्या म्हणतो त्याला. आईनं सकाळीच फाटकाला कागदी फिती बांधल्या होत्या. क्रेनला फुगे. शेजाऱ्यांचे फटाके चालू. पापांनी बिअरची बाटली फोडली, आधी जमिनीवर थोडी, पाचामामाला म्हणजे धरणीमातेला, मग क्रेनच्या चाकांवर, कॉम्प्रेसरवर, पिवळ्या मशीनच्या दातांवर. मग मुठीमुठीनं रंगीत कागदाच्या टिकल्या. वर्षभर काही मोडू नये, कुणाचा हात सापडू नये, काम येत राहावं.

मी वर होतो. एक वाजला होता. कॉम्प्युटरमधून शेवटची चित्रं निघायला दीड-दोन तास लागणार होते. नखं खाऊन संपली होती.

"लिम्बर!" खालून पापांचा आवाज. "तुझं मशीन खाली आण!"

"पापा, ते आहेच कुठं?" दानित्सा ओरडली. तीन दिवस नाचून तिचा आवाज बसला होता. "हवेवर बिअर ओतणार का?"

"माझ्या वर्कशॉपमधून न पाजता काही बाहेर जात नाही," पापा म्हणाले, आणि जिन्यावर त्यांचे बूट वाजायला लागले.

मी दारात हात पसरून उभा राहिलो. "पापा, कॉम्प्युटरवर एक थेंब पडला तर मी खिडकीतून उडी मारीन. खरंच मारीन."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं. उंबऱ्यावर थोडी बिअर ओतली, टिकल्यांची मूठ माझ्या डोक्यावर रिकामी केली. "झालं," म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत राहिले. रविवारनंतर पूर्ण मुंगळा ते पहिल्यांदाच बघत होते. मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता म्हणतील, जमलं.

"तीन वर्षं झालीत म्हणतोस ना याला?"

"हो."

"मग एकदाही पाजलं नाही?"

"पापा, त्यांच्या जगात हे नसतं. तो भविष्यकाळ आहे."

"गुडघ्याला ग्रीस मारणारा माणूस आहे ना तिथं? तुझ्याच चौथ्या पायात त्यानं भलता बोल्ट ठोकलाय." ते जरा चिडलेच. "तो माणूस तीन वर्षं नुसतं ग्रीसच मारत बसला?"

ते माझा हात धरून मला खाली घेऊन गेले, क्रेनपाशी. कप्पीच्या सांध्यात बोट घालून ग्रीसचा एक लपका काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वर आजच्या टिकल्या, गुलाबी, हिरव्या, कोरड्या. त्याखाली गेल्या वर्षीच्या, तेल पिऊन फिक्या झालेल्या. त्याखाली आणखी जुन्या, तपकिरी, ओळखूही न येणाऱ्या. फडकं तिथं पोचत नाही. म्हणून राहतात.

मी तो लपका हातात घेऊनच जिना चढलो. वर्षं मोजता येतात, मी म्हणत होतो, मोठ्यानं म्हणत होतो बहुतेक. चित्रं काढायचं काम मधेच थांबवलं. तीन वर्षांच्या टिकल्या सांध्यासांध्यात भरल्या, जिथं फडकं पोचणार नाही फक्त तिथंच. सर्वांत जुन्या सर्वांत आत. सगळ्यांत कमी वेळात केलेलं ते काम आणि सगळ्यांत चांगलं. मुंगळा कुणाचा तरी झाला. कुणीतरी त्याला सांभाळत होतं, मरू नये म्हणून दरवर्षी त्याच्यावर बिअर ओतत होतं.

चारला दहा मिनिटं कमी असताना पाठवलं.

बुधवारी काही नाही. मी मेल किती वेळा उघडला ते सांगत नाही. आईनं मला बाजारात पाठवलं, मी भलतेच बटाटे आणले. दानित्सानं माझ्यासमोर माझी बॅग काढून ठेवली, ट्रकसाठी. चांगल्या मनानंच, तरी मला ती फेकून द्यावीशी वाटली.

गुरुवारी दुपारी आला.

"गुडघा विलक्षण आहे. इथं सगळ्यांना दाखवला. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक कुणी सुचवला? एकच अडचण. सांध्यांतल्या ग्रीसवर रंगीत ठिपके आलेत. टेक्स्चरमध्ये काहीतरी बिघडलंय वाटतं. ते साफ करून उद्यापर्यंत पाठवा, मग कॉन्ट्रॅक्टचं मी वर मांडते. नक्की सांगता येणार नाही, पण मांडते."

बिघडलंय!

मी उत्तर लिहायला बसलो. लांबलचक. हे काय आहे, का आहे, ग्रीस म्हणजे काय, वर्षं म्हणजे काय. पुसलं. पुन्हा लिहिलं, जरा नम्र. पुसलं. तिसऱ्या वेळी फक्त एक ओळ लिहिली, "हे बिघडलेलं नाही," आणि तीही पाठवेना. गच्चीवर गेलो. चौदा पावलं लांबी, नऊ पावलं रुंदी. उद्या सकाळी मामा येणार होता.

शेवटी खाली गेलो. पापा दुरुस्तीला आलेल्या एका ट्रकच्या पोटाखाली आडवे होते, फक्त बूट दिसत होते. मी बुटांना सगळं सांगितलं.

"मग काढ," बूट म्हणाले.

"काय?"

"कागद काढ. तिला नकोत."

"पापा, त्या कागदांमुळंच तर ते... तुम्हीच तर म्हणालात!"

ते सरपटत बाहेर आले. तोंडावर ऑईल. "गाडी विकली की नवा मालक पहिल्यांदा काय करतो? धुतो. मी काय फाटकात उभा राहून रडतो? गाडी बाहेर जायच्या आधी आपण पाजायचं. ते झालं. पुढं गाडी त्याची."

"तिला वाटलं ती चूक आहे."

"वाटू दे. गुडघा कळला ना तिला? मग बाई अडाणी नाही." त्यांनी हात पुसले. "तू का एवढा पेटलायस? बिअर मी ओतली, मला काही नाही."

हेच मला लागलं. त्यांना काहीच वाटलं नाही, आणि मला वाटत होतं.

मी वर गेलो. टिकल्या वेगळ्या लेयरवर होत्या. एक क्लिक. सांधे साफ. मुंगळा अजूनही चांगलाच दिसत होता, हे मला सांगायलाच हवं. कुणालाही काही कमी वाटलं नसतं. मला वाटलं. वाटत असतानाच मी पाठवलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मला काम हवं होतं.

शुक्रवारी सकाळी आठला मामाचा ट्रक फाटकात. हॉर्न. मी मेल बघितला, काही नव्हतं. बॅग खांद्यावर घेतली. ठरलं ते ठरलं. जिना उतरलो.

पापा फाटकात मामाशी बोलत होते. मी पोचलो तेव्हा मामा इंजिन चालू ठेवून खाली वाकला होता.

"चढ की रे," मामा म्हणाला. "उन्हं तापायच्या आत पुढचं तोलेदो गाव गाठायचंय."

"तो येत नाही," पापा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"झालं काय त्याचं काम?"

"अजून काही कळवलं नाही त्यांनी."

"मग? सेवेरो, शब्द दिला होतास तू. मी दुसरा माणूस बघितला नाही."

"दिला होता," पापा म्हणाले. "तुझ्या पुढच्या खेपेला मी तुझा गिअरबॉक्स फुकट दुरुस्त करून देतो. पण हा येत नाही. मी गुडघा बघितलाय. बरोबर आहे तो."

"कुणाचा गुडघा?"

मामानं एक चांगली सणसणीत शिवी दिली, आम्हा दोघांना मिळून एकच, आणि गिअर टाकला. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.

"पापा, त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर दुसरी बाई शोध," ते म्हणाले. "जगात एकच आहे काय?" आणि दुरुस्तीच्या ट्रकच्या पोटाखाली परत आडवे झाले.

मेल साडेअकराला आला. एक वर्ष, सोमवारपासून. मी धावत खाली गेलो, सांगितलं. पापांनी आतून विचारलं, पहिलं काम काय दिलंय. मी म्हणालो, उडणारी ॲम्ब्युलन्स. आतला पान्याचा आवाज थांबला.

"उतरते कशी ती?" ते म्हणाले. "पायांवर, का चाकांवर?"

मला माहीत नव्हतं. मी लिहून घ्यायला कागद आणायला वर पळालो.